ग्रुपला कुलूप लावायच्या आधी हे वाचा

आमचा एक ग्रुप आहे, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या घुमट आरत्या (घुमट म्हणजे मडक्याला कातडं लावलेलं वाद्य), गावच्या उत्सवातली नाटकं, जत्रेचे जुने फोटो असलं सगळं टाकायचा, साधारण १९ हजार मेंबर. कुठल्या प्लॅटफॉर्मवर ते सांगत नाही, मोठा आहे एवढं पुरे. दोन वर्षांमागे चवथीच्या दुसऱ्या रात्री आमच्याच घरून लाइव्ह चालू होतं, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळे बसलेले, आबांच्या हातात घुमट, बाजूला साथीला शामेळ ढोल आणि कासाळं म्हणजे मोठी झांज, आरती अशी रंगात आलेली आणि तेवढ्यात आवाजच गेला. मेसेज आला की यातलं संगीत दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचं आहे. आबांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हजें घुमट, तांचें कशें?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग एकामागून एक सुरूच झालं. १४ व्हिडिओ मुके, एका ॲडमिनचं खातं लॉक, आणि आमच्या पोस्टी मेंबरांनाच दिसेनात, त्याजागी केस सरळ करायच्या मशीनच्या रील्स. आम्ही भडकलो. ॲडमिन लोकांची व्हॉट्सॲपवर रात्री दोनपर्यंत "आतां कितें करपाचें" चर्चा झाली आणि ठरलं काय तर शनिवार-रविवार ग्रुप बंद ठेवून निषेध. ठेवला बंद. सोमवारी उघडला तर दोन दिवस तुंबलेलं सगळं एकदम आलं, वर निषेधाच्या पोस्टी, त्या पोस्टींवर भांडणं, भांडणांचे स्क्रीनशॉट, आणि त्या आठवड्यात ग्रुपचा ग्राफ वर्षातला सगळ्यात उंच. ज्यांचा निषेध करायला गेलो त्यांनाच धंदा करून दिला की आम्ही!

तर तुमचंही असलं काही झालं असेल आणि ग्रुपला कुलूप लावायचं डोक्यात असेल तर थांबा जरा. आम्ही जे उलटं केलं ते सुलट कसं करायचं ते लिहितोय.

आधी सामान बाहेर काढा

भांडण काढायच्या आधी घरातली भांडी बाहेर काढून ठेवायची. कंपनी ठरवून सूड घेते असं नाही, पण अशा धामधुमीत कोणीतरी कोणाला तरी रिपोर्ट करतो आणि खातं लॉक होतं, आणि मग वीस वर्षांचे फोटो आत नि तुम्ही बाहेर. सेटिंग्जमध्ये स्वतःची माहिती डाउनलोड करायची सोय बहुतेक सगळीकडे असते, ती आजच सुरू करा, फाइल तयार व्हायला कधी तास लागतात कधी दिवस. पण त्यात तुमचं स्वतःचंच येतं, ग्रुपमधे दुसऱ्यांनी टाकलेलं येत नाही. आम्हाला हे उशिरा कळलं. मग ज्यांनी ज्यांनी जुने फोटो टाकले होते त्यांना एकेकाला फोन करून मूळ स्कॅन मागितले, शिरोड्याचे एक काका तर पिशवीतून अल्बमच घेऊन आले. सगळं दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे एक दुसऱ्या ॲडमिनकडे.

दुसरं, ॲडमिन लोकांचे फोन नंबर कागदावर. हसू नका. आमच्यातल्या दोघांची ओळख फक्त त्या प्लॅटफॉर्मवरचीच होती, खातं गेलं असतं तर माणूसच गेला असता.

राग त्यांना कसा दिसतो ते समजून घ्या

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे जरा लांबण लावतो. तुम्ही प्लॅटफॉर्मवर बसून प्लॅटफॉर्मला शिव्या घालता तेव्हा त्यांच्या मोजपट्टीवर त्याची नोंद काय होते? एक पोस्ट, चाळीस कमेंट, बारा मिनिटं. आनंदाची बारा मिनिटं आणि रागाची बारा मिनिटं यांच्यात जाहिरातदाराला काही फरक पडत नाही.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण २००६ चं. सप्टेंबरमधे फेसबुकने न्यूज फीड आणलं, म्हणजे सगळ्या मित्रांचं एकाच पानावर, त्याच्या आधी प्रत्येकाच्या प्रोफाइलवर जाऊन बघावं लागायचं. ते आणणाऱ्या टीममधे रुची संघवी होती, आपल्या पुण्याची, फेसबुकमधली पहिली महिला इंजिनिअर, आणि नव्या फीडची घोषणाही तिच्याच नावाने झालेली. लोक इतके खवळले की विरोधाचा एक ग्रुप काही दिवसांत लाखोंवर गेला, तेव्हा फेसबुकच अख्खं एक कोटीच्या आसपास होतं. पण तो ग्रुप एवढा फुगला कशामुळे? न्यूज फीडमुळेच! अमुक मित्र या ग्रुपात गेला हे सगळ्यांना फीडवर दिसायला लागलं ना. कंपनीने ते बघून उलटा अर्थ काढला की हे चालतंय. झुकरबर्गने माफीसारखं काहीतरी लिहिलं, प्रायव्हसीची बटणं दिली, आणि फीड ठेवलं ते आजतागायत.

म्हणजे मिळालं काहीच नाही असं नाही. बटणं मिळाली, पण फीड गेलं नाही.

मग त्यांना दिसेल असं काय करायचं? तर त्यांना जे लागतं ते देणं बंद करायचं आणि कधी पुन्हा सुरू होईल ते सांगायचं नाही. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, एक दिवस आला नाही तर आपण काय करतो, घरी चपात्या करतो, दुसऱ्या दिवशी भोंपू वाजला की पिशवी घेऊन बाहेर. त्याने आदल्या दिवशीच सांगितलं असेल की उद्या नाही परवा येतो तर मग काळजीच नाही, आपण जास्तीचे पाव आजच घेऊन ठेवतो. आमचा शनिवार-रविवारचा निषेध असाच होता.

आणि यात आम्ही एकटे नाही. जून २०२३ मधे रेडिट या चर्चेच्या साइटवर हेच मोठ्या प्रमाणात झालं. रेडिटने एपीआयचे दर लावले, म्हणजे बाहेरच्या ॲपनी रेडिटचा डेटा वापरायचे पैसे, दर हजार विनंत्यांना ०.२४ डॉलर. वाचायला चिल्लर वाटते पण अपोलो नावाचं लोकांचं आवडतं ॲप चालवणाऱ्याने हिशोब केला तर वर्षाला दोन कोटी डॉलरच्या घरात गेला. ८ हजारांवर समूह १२ जूनपासून बंद झाले. ते बंद करणारे मॉडरेटर, समूह सांभाळणारे, म्हणजे पगार नसलेले कामगारच, त्यामुळे हा नुसता बहिष्कार नव्हता, संपच होता म्हणा ना. फक्त जाहीर काय केलं होतं? ४८ तास. कंपनीच्या प्रमुखाने आपल्या माणसांना आतून कळवलं की हेही शमेल, आणि ते पत्र बाहेर फुटलं. मग काही समूहांनी मुदत काढून टाकली तेव्हा मात्र कंपनी हलली, मॉडरेटरांना काढू असं सांगायला लागली. काहींनी डोकं चालवलं, फोटोंच्या एका प्रचंड समूहाने मेंबरांचं मत घेऊन ठरवलं की इथे फक्त जॉन ऑलिव्हर या विनोदी टीव्हीवाल्याचे फोटो चालतील, काहींनी आपला समूह प्रौढांसाठी म्हणून टाकला कारण तसल्या पानांवर जाहिराती लागत नाहीत. हा शेवटचा डाव बरोबर नाडीवर होता, आणि तिथे मॉडरेटर लगेच काढलेही गेले, यावरूनच काय ते ओळखा.

अपोलो ३० जूनला बंद झालं ते झालंच. २०२४ मधे तर रेडिटने नियमच केला की सार्वजनिक समूह खाजगी करायचा असेल तर आधी परवानगी घ्या. कुलूपच काढून नेलं दाराचं. म्हणून सांगतो, कुलूप हे हत्यार बहुतेक एकदाच चालतं, फुकट वाया घालवू नका.

मागणी एकच, आणि करता येईल अशी

"अल्गोरिदम सुधारा", "युजरचा आदर करा", "गोंयकारांवर अन्याय बंद करा" या मागण्या नव्हेत, या घोषणा. मागणी म्हणजे वाचून समोरच्या इंजिनिअरला सोमवारी काय बदलायचं ते कळलं पाहिजे. रेडिटच्या त्याच भांडणात एक गोष्ट मिळाली ती आंधळ्या लोकांच्या समूहामुळे. त्यांनी सरळ सांगितलं की तुमच्या ॲपमधे आम्हाला वाचता येत नाही, आम्ही अमुक अमुक ॲप वापरतो, ती चालू ठेवा. धंदा न करणाऱ्या तसल्या ॲपना दरातून सूट मिळाली. एवढ्या मोठ्या रणधुमाळीत पदरात पडलेलं हे एक ठोस काम, कारण मागणी छोटी होती आणि नाही म्हणायला लाज वाटेल अशी होती.

इन्स्टाग्रामचंही बघा, जुलै २०२२ मधे ते टिकटॉकसारखं व्हायला निघालं तेव्हा लोकांनी ऑनलाइन अर्ज फिरवला, कायली जेनरसारख्या अफाट फॉलोअरवाल्या बड्या नावांनी तो शेअर केला, आणि महिना संपायच्या आत फुल स्क्रीनचा प्रयोग मागे घेतला गेला, सुचवलेल्या पोस्टी काही काळ कमी केल्या. रील्स राहिल्या. नाव मोठं असेल तर फोन लवकर उचलतात हेही खरं. आपल्याकडे कायली जेनर नाही. पण गावात एखादा नामांकित नट किंवा गायक असतो, कोणाचे लाखभर फॉलोअर असतात, त्याला गाठा, फार लाजू नका.

आमची मागणी आम्ही दुसऱ्यांदा अशी लिहिली: हे १४ व्हिडिओ, ही त्यांची यादी, यांचा आवाज परत द्या. बस. फीड, रील्स, लॉक झालेलं खातं सगळं गाळलं. त्यावरून आमच्यातच भांडण झालं, खातं लॉक झालेल्या ॲडमिनला वाटलं त्याला वाऱ्यावर सोडलं (त्याची वेगळी तक्रार केली नंतर, ती आधी सुटली, गंमत).

तक्रार कशी लिहायची

आपल्या देशात २०२१ च्या आयटी नियमांपासून प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, आणि ५० लाखांवर नोंदलेले युजर असतील तर तो भारतात राहणारा असावा लागतो. नाव-पत्ता साइटवर टाकायचा असतो, तळाशी कुठेतरी बारीक अक्षरात सापडेल. ते नियम आले तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. हे नियम बदलत राहतात म्हणून तक्रार करायच्या दिवशी मुदती पुन्हा बघून घ्या. निकाल पटला नाही किंवा आलाच नाही तर वर ग्रीव्हन्स अपेलेट कमिटी आहे, २०२३ च्या जानेवारीत नेमली, सरकारची, सगळं ऑनलाइन. अधिकाऱ्याचा निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं. ॲपमधलं रिपोर्टचं बटण दाबलं म्हणजे तक्रार झाली असं वाटायचं, पण ती नियमाखालची तक्रार नव्हे, अधिकाऱ्याला वेगळं लिहावं लागतं आणि तिकीट नंबर जपून ठेवावा लागतो.

आता लिहायचं काय. ग्रामसभेत किंवा प्लॅनवर हरकत घेताना आपण काय करतो? सर्व्हे नंबर लिहितो. "गाव विकायला काढला" असं ओरडून पेपरात फोटो येतो पण हरकत नोंदली जाते ती सर्व्हे नंबरवर. इथे सर्व्हे नंबर म्हणजे पोस्टची लिंक. आमचा मजकूर साधारण असा होता:

"तारीख अमुक रोजी रात्री ९.४० ला या लिंकवरच्या व्हिडिओचा आवाज कॉपीराइटच्या कारणाने बंद झाला. व्हिडिओत आमच्या घरची माणसं स्वतः गात आणि वाजवत आहेत, कोणतंही रेकॉर्डिंग वाजवलेलं नाही. आरतीची रचना कॉपीराइटच्या मुदतीबाहेरची आहे. आवाज पूर्ववत करावा. न केल्यास कोणत्या रेकॉर्डिंगशी जुळला ते लेखी कळवावं."

यात मधली दोन वाक्यं कळीची. आपल्याकडे शब्द आणि चालीवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे तीनेकशे वर्षांपूर्वीची आरती सगळ्यांचीच. पण त्याच आरतीचं कुठल्या कंपनीने रेकॉर्डिंग काढलं तर त्या रेकॉर्डिंगवर तिचा वेगळा हक्क असतो, आणि मशीनला दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणून मंडपात आधी सीडी वाजत असेल आणि मागून तुम्ही गात असाल तर तुमची केस पडली, तिथे भांडू नका. आमच्या १४ मधले २ असेच निघाले, आम्ही ते गपचूप यादीतून काढले आणि यादी १२ ची केली.

आणखी एक, मजकूर कॉपी-पेस्ट करून पाचशे जणांकडून पाठवू नका. २०१५-१६ मधे नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखीच वागणूक हवी याचं, प्रकरण झालं तेव्हा ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सल्लामसलतीचा कागद काढला होता, लोकांनी १० लाखांवर मेल पाठवल्या. पुढे फ्री बेसिक्ससाठी, म्हणजे ठरावीक साइटच फुकट द्यायच्या आपल्या योजनेसाठी, फेसबुकनेही आपल्या युजरांकडून एका बटणावर तयार मेल पाठवून घेतल्या, ट्रायने सांगितलं की आम्ही जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं यात नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायचा नियम आला, वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर बंद, फ्री बेसिक्स संपलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या तयार मेलचं हे झालं तर तुमच्या फॉरवर्डचं काय होणार. आम्ही ज्याचा व्हिडिओ त्यालाच स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं, मराठीत लिहिलं काहींनी, एकाने कोंकणीत.

त्या ट्रायच्या प्रकरणात आणखी एक दिसतं. लोक फेसबुककडे भांडत बसले नाहीत, जो फेसबुकला नाही म्हणू शकतो त्याच्याकडे गेले. कंपनीच्याच अंगणात कंपनीने मांडलेल्या खेळात काय होतं तेही सांगतो. २०१२ च्या डिसेंबरात फेसबुकने आपल्या धोरणावर युजरांचं मतदान घेतलं. ६ लाख ६८ हजारांच्या आसपास मतं पडली, ८८ टक्के विरोधात. आणि बदल झालाच, कारण नियम होता की ३० टक्के युजरांनी मत दिलं तरच ते बांधील, म्हणजे ३० कोटी माणसं! त्या बदलांत एक बदल हा होता की यापुढे मतदानच नाही.

हे करू नका

एक स्टार देणं. २०१७ च्या एप्रिलमधे स्नॅपचॅटच्या मालकाने भारताला गरीब म्हटलं असा आरोप बाहेर आला, कंपनीने नाकारला, पण आपले वीर तोवर निघाले होते आणि त्यातल्या काहींनी स्नॅपडीलला एक स्टार दिला, ॲप काढून टाकलं. स्नॅपडील बिचारं दिल्लीकडचं ऑनलाइन दुकान, नाव नुसतं सारखं, त्याचा काय संबंध. २०२० च्या मे महिन्यात टिकटॉकचं रेटिंग असंच पाडलं, गूगलने लाखोंनी रिव्ह्यू पुसले आणि रेटिंग परत वर. जूनच्या २९ तारखेला टिकटॉक गेलं ते सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली म्हणून, आपल्या स्टारमुळे नव्हे.

माणसांवर जाऊ नका. तक्रार अधिकारी पगारी माणूस, त्याला आईवरून शिव्या घालून व्हिडिओचा आवाज येत नाही. आणि पोस्ट लिहिताना जरा सांभाळून. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मधे एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीने नुसतं लाइक केलेलं. ते आयटी कायद्याचं ६६ अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, पण बदनामीचं वगैरे बाकीचं सगळं आहेच.

निघून जायचं असेल तर

एकट्याने जाऊ नका, एवढंच खरं सांगणं. २०१० च्या ऑगस्टमधे डिग या लिंका शेअर करायच्या साइटने आपलं रूपच बदलून टाकलं तेव्हा लोक खरोखर उठून गेले, कारण शेजारी रेडिटचं घर तयार होतं आणि ओळखीची माणसं तिथे आधीच बसलेली. उलट २०१९ च्या नोव्हेंबरात आपल्याकडचे कितीतरी लोक ट्विटरवर रागावून मॅस्टोडॉन या तसल्याच दुसऱ्या जागी गेले, बरेचसे थोड्याच दिवसांत परत. जानेवारी २०२१ ला व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणावरून सगळे सिग्नल-टेलिग्रामवर पळाले, कंपनीने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत ढकलली, हे त्या पळण्याचं फळ म्हणायला हरकत नाही. पुढे स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मधे २१३ कोटींचा दंडही लावला. पण माझ्या आईचं भजनी मंडळ सिग्नलवर चार दिवस होतं. मृदंगवाल्या भाऊंना ते उघडायला जमेना, मग त्यांच्यासाठी एक निरोप व्हॉट्सॲपवर, मग सगळेच व्हॉट्सॲपवर.

म्हणून जायचं तर एखादी गरजेची गोष्ट फक्त नव्या जागी ठेवा. आम्ही नाटकाच्या तालमीचं वेळापत्रक जुन्या ग्रुपवर टाकायचं बंद केलं आणि फक्त आमच्या मेलिंग यादीवर आणि एका साध्या साइटवर ठेवलं. कुरकुर झाली खूप. पण ज्याला तालमीला यायचं त्याला बघावंच लागतं, आणि दोन महिन्यांत चारशेच्या वर माणसं तिकडे आली. १९ हजारांतली चारशे. पण आरतीला टाळ धरणारी ती हीच चारशे, बाकीचे लाइक करून पुढे जाणारे.

आमचा हिशोब सांगतो आता. १२ पैकी ९ व्हिडिओंना आवाज परत आला, त्यात आबांचा नाही. त्यावर उत्तर आलं की निर्णय योग्यच होता, कोणत्या रेकॉर्डिंगशी जुळलं ते सांगितलंच नाही. अपिलाच्या ३० दिवसांतले २६ गेलेत, आबा रोज विचारतात आणि फॉर्ममधे त्यांचा मूळ व्हिडिओ कुठे जोडायचा तेच मला सापडत नाहीये, तेव्हा कोणी केलं असेल आधी तर सांगा, आज रात्री बसणार आहे.